झोपेआडची वेदना

वाडीला येणारा माणूस बहुधा काही ना काही दुखणे घेऊनच येतो. कुणाचे अंगाचे, कुणाचे मनाचे, कुणाचे घरादाराचे. नृसिंहवाडी हे माझे गाव. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर, औदुंबराच्या सावलीत दत्तमहाराजांच्या पादुका आहेत आणि घाटाकडे उतरणाऱ्या वाटेवर आमचे पेढ्यांचे लहानसे दुकान आहे. पेढे आणि कवठाची बर्फी बांधून घेता घेता माणसे माझ्या आजोबांना आपली दुखणी सांगत. आजोबा सगळ्यांचे शांतपणे ऐकून घेत आणि शेवटी ठरलेले एक वाक्य बोलत, "भोग आहे बाबा, भोगूनच संपवायचा." लहानपणापासून हजारदा ऐकलेले हे वाक्य मला कधी खटकले नव्हते. ते खटकले दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात. कारण त्या वेळी भोगणारे आजोबा स्वतः होते आणि त्यांच्या तोंडात नळी असल्यामुळे त्यांना बोलता येत नव्हते.

न्यूमोनियाने दोन्ही फुप्फुसे भरली होती. शहरातल्या एका दवाखान्याच्या अतिदक्षता विभागात, म्हणजे आपण सगळे ज्याला 'आयसीयू' म्हणतो तिथे, त्यांना अकरा दिवस व्हेंटिलेटरवर ठेवले होते. संध्याकाळी दहा मिनिटे, एका वेळी एकाच माणसाला आत सोडत. पहिल्या दिवशी मी आत गेलो तेव्हा आजोबा झोपले होते. सिस्टर म्हणाल्या, "शांत आहेत बघा, झोपेचं औषध चालू आहे." बाहेर येऊन मी आजीला तेच सांगितले आणि तिला बरे वाटले. झोपलाय ना, मग सुखात आहे, असा आपला सर्वांचाच साधा हिशेब असतो.

तिसऱ्या दिवशी मी आत असतानाच त्यांची कूस बदलण्याची वेळ झाली. दोघांनी मिळून त्यांना वळवले आणि आजोबांच्या कपाळावर तीन आठ्या उमटल्या. डोळे मिटलेलेच होते, पण कॉटच्या दांड्याला पट्टीने बांधलेल्या दोन्ही हातांच्या मुठी आवळल्या गेल्या, पाय ताठ झाले आणि व्हेंटिलेटर ओरडू लागला. "काही नाही, त्यांना कळत नाहीये," मामा म्हणाले. मशीन गप्प झाले. आठ्या मात्र बराच वेळ तशाच होत्या. मी कॉटशेजारच्या पंपात लावलेल्या सिरिंजवरचे नाव पेनने तळहातावर लिहून घेतले: मिडॅझोलॅम. रात्री माझ्या मावसबहिणीला, ती पुण्याला नर्सिंगला आहे, फोन करून विचारले. ती म्हणाली, "हे गुंगीचं आणि विसरायचं औषध. दुखायचं नव्हे. दुखण्यासाठी दुसरं काय चालू आहे ते विचार."

दुसऱ्या दिवशी मी विचारले. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "तुम्ही काय शिकता?" मी म्हटले, "बी.ए. मराठी." "मग काळजी करू नका," असे म्हणून ते पुढच्या कॉटकडे गेले.

मित्रहो, हा लेख त्या दवाखान्याच्या तक्रारीसाठी मी लिहीत नाही. तिथल्या माणसांनी आजोबांचा जीव वाचवला हे मी विसरलेलो नाही. पण "मग काळजी करू नका" या उत्तराची काळजी मला अजून वाटते. मराठीच्या विद्यार्थ्याने या विषयात तोंड घालू नये असे कुणी म्हणेल, तर माझे म्हणणे असे की हा प्रश्न औषधांचा जितका आहे तितकाच शब्दांचाही आहे.

आपल्या भाषेत गुंगी, ग्लानी, मूर्च्छा, बेशुद्धी, भूल असे कितीतरी शब्द आहेत आणि नातेवाइकांशी बोलताना त्या सगळ्यांच्या जागी एकच शब्द वापरला जातो : 'झोप'. त्यातल्या 'भूल' या शब्दाची तर गंमतच आहे. भूल म्हणजे शस्त्रक्रियेपूर्वी देतात ती, भूल म्हणजे मोह आणि भूल म्हणजे चूक. 'वेदना' हा शब्द मात्र 'विद्' म्हणजे जाणणे या धातूपासून आलेला आहे. 'वेद'ही त्याच धातूचा. ज्याला कळते त्याला दुखते, हे त्या शब्दातच आहे. म्हणून आपण उलटाही अर्थ काढून मोकळे होतो की, ज्याला कळत नाही त्याला दुखत नाही. नेमकी इथेच भूल होते. डोळे मिटलेल्या, हाक मारली तर ओ न देणाऱ्या माणसाच्या शरीरापर्यंत वेदना पोचतच असते. नाडी वाढते, रक्तदाब चढतो, स्नायू ताठ होतात, कपाळाला आठ्या पडतात. त्याला फक्त ती सांगता येत नाही. आणि नंतर आठवत नाही म्हणून ती झालीच नाही असे म्हणायचे, तर उद्या कुणालाही मारून वर विस्मरणाचे औषध पाजले की झाले!

अतिदक्षता विभागात वापरल्या जाणाऱ्या औषधांचे ढोबळ प्रकार मी नंतर वाचून आणि विचारून समजून घेतले. मिडॅझोलॅम आणि दुधासारखे पांढरे दिसणारे प्रोपोफॉल ही झोपवणारी औषधे; त्यांनी वेदना शमत नाही. मॉर्फीन आणि फेंटानिल ही वेदना शमवणारी. त्यांनीही गुंगी येते, पण त्यांचे मुख्य काम वेगळे. केटामिन वेदनेवर चालते. डेक्समेडिटोमिडीन या औषधाने माणूस हाक मारली तर जागा होईल इतपतच झोपतो. आणि एक चौथा प्रकार आहे, त्याचे नाव काढले तरी माझ्या अंगावर काटा येतो. व्हेक्युरोनियम, अ‍ॅट्राक्युरियम ही स्नायू शिथिल करणारी औषधे. फुप्फुसे फारच बिघडली की व्हेंटिलेटरशी झुंज होऊ नये म्हणून कधीकधी ती द्यावी लागतात. त्यांनी झोपही येत नाही आणि वेदनाही थांबत नाही. फक्त बोट हलवण्याचीही शक्ती जाते. म्हणजे आधी पुरेशी झोप आणि वेदनाशमन दिले नसेल, तर माणूस आतून पूर्ण जागा आणि बाहेरून दगड. कपाळाला आठीही पडणार नाही. चांगले डॉक्टर ही काळजी घेतातच, पण ती घ्यावी लागते हे बाहेर बाकावर बसलेल्यांपैकी किती जणांना ठाऊक असते?

अतिदक्षता विभागाचा जन्म कसा झाला हेही सांगण्यासारखे आहे, कारण त्यात विद्यार्थी आहेत. १९५२ साली डेन्मार्कच्या कोपनहेगन शहरात पोलिओची भयंकर साथ आली. श्वासाचे स्नायू निकामी होऊन माणसे, त्यातही मुले, मरत होती. बियॉर्न इब्सेन नावाच्या भूलतज्ज्ञाला बोलावण्यात आले. बारा वर्षांच्या एका मुलीच्या गळ्यातून श्वासनलिकेत नळी घालून तो रबरी पिशवीने हवा भरू लागला, पण ती मुलगी घुसमटत होती, झुंजत होती, आणि हवा आत जाईना. तेव्हा त्याने तिला पेंटोथाल हे झोपेचे औषध दिले. झुंज थांबली, हवा आत गेली, मुलगी वाचली. त्यानंतर पुढचे कित्येक महिने सुमारे दीड हजार वैद्यकीय विद्यार्थी पाळीपाळीने रुग्णांच्या उशाशी बसून हातांनी पिशव्या दाबत राहिले. पुढच्याच वर्षी इब्सेनने असा स्वतंत्र विभाग सुरू केला. म्हणजे पहिल्या रुग्णापासूनच झोपेचे औषध या विभागाच्या सोबतीला आहे. ते वाईट आहे असे मी म्हणतच नाही. त्या मुलीला ते मिळाले नसते तर ती गेली असती.

पण सोयीच्या गोष्टीची सवय लागते. नंतर कित्येक वर्षे जगभर रुग्णाला गाढ झोपवून ठेवणे हीच रीत होती. २००० साली शिकागोच्या डॉक्टरांनी १२८ रुग्णांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. निम्म्या रुग्णांचे झोपेचे औषध रोज एकदा थांबवून त्यांना जागे होऊ द्यायचे आणि गरज पडली तरच पुन्हा सुरू करायचे. व्हेंटिलेटरवरचे दिवस मोजले तेव्हा मध्यक ७.३ दिवसांवरून ४.९ दिवसांवर आलेला दिसला. त्यानंतर डेन्मार्कमध्ये तर मॉर्फीन द्यायचे पण झोपेचे औषध जवळजवळ द्यायचेच नाही, इथपर्यंत मजल गेली. (२०२० साली त्यांच्याच मोठ्या, ७०० रुग्णांच्या प्रयोगात मृत्यूच्या प्रमाणात फरक दिसला नाही, हेही सांगितले पाहिजे, अर्धे सांगून बाजू जिंकण्यात अर्थ नाही.) अमेरिकेतील अतिदक्षता तज्ज्ञांच्या संस्थेने २०१३ आणि २०१८ साली जी मार्गदर्शक तत्त्वे काढली त्यांचा गाभा असा : आधी वेदना पाहा, तिच्यावर इलाज करा, मग झोपेचा विचार करा, आणि झोप शक्य तितकी हलकी ठेवा. बोलू न शकणाऱ्या रुग्णाची वेदना मोजायच्या पद्धतीही आहेत. चेहरा कसा आहे, अंगाची हालचाल कशी आहे, स्नायू ताठ आहेत का, व्हेंटिलेटरशी जुळवून घेतो आहे का, याला गुण द्यायचे आणि तक्त्यावर लिहायचे. यात यंत्र लागत नाही, पैसा लागत नाही. कूस बदलणे, छातीतली नळी काढणे, मनगटाच्या धमनीत सुई घालणे या रोजच्या गोष्टी रुग्णांना फार दुखतात असे रुग्णांना विचारून झालेल्या पाहण्यांत आढळले आहे. आजोबांच्या त्या तीन आठ्यांना कुठल्यातरी तक्त्यावर एक चौकोन होता, हे मला त्या वेळी माहीत असते तर!

आपण मराठीचे विद्यार्थी वेदनेच्या काव्यावर पंधरा गुणांचे उत्तर लिहितो. कवीचे दुःख वैयक्तिक की वैश्विक यावर पानेच्या पाने भरतो. तोंडात नळी असलेल्या माणसाचे दुःख मात्र त्याच्या कपाळावर छापलेले असते आणि आपल्याला वाचता येत नाही.

आता दुसरी बाजू. मी त्या अकरा दिवसांत बाकावर बसून पुष्कळ पाहिले. एकेका सिस्टरकडे अनेक कॉट. रुग्ण हलका जागा असेल तर तो नळी ओढणार, उठू पाहणार, घाबरणार; त्याच्या उशाशी सतत कुणीतरी लागणार. डेन्मार्कमधल्या प्रयोगात माणसे पुरेशी होती. आमच्याकडे नाहीत. गाढ झोपवलेला रुग्ण सांभाळायला सोपा, आणि नळी निघाली तर जीवच जायचा. मॉर्फीन-फेंटानिलने रक्तदाब उतरू शकतो, पोट साफ होत नाही, नळी नसेल तर श्वास मंदावतो. शिवाय मॉर्फीनच्या प्रत्येक थेंबाचा हिशेब ठेवावा लागतो. आपला देश तसा अफू पिकवणारा. मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशात सरकारच्या देखरेखीखाली तिची शेती होते, नीमच आणि गाझीपूरला सरकारी कारखाने आहेत, माल परदेशी जातो. आणि १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानंतर इथल्या दवाखान्यांना मॉर्फीन ठेवणे इतके किचकट झाले की पुष्कळांनी ते ठेवणेच सोडून दिले. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती होऊन मॉर्फीन, फेंटानिल यांसारख्या अत्यावश्यक औषधांसाठी अनेक परवान्यांचा जाच कमी झाला. पण एक पिढी डॉक्टर ते न वापरताच तयार झाले, त्यांच्या मनातली भीती राजपत्रातल्या एका ओळीने कशी जाणार?

भीती आपल्याही मनात आहे. "मॉर्फीन लावलं म्हणजे आता संपलं," हे वाक्य मी त्याच बाकावर ऐकले. असा विषय निघाला की कुणीतरी अरुणा शानबाग यांचे नाव काढतेच. मुंबईच्या केईएम रुग्णालयातली ही परिचारिका १९७३ सालच्या अमानुष हल्ल्यानंतर बेचाळीस वर्षे तिथेच पडून होती, २०१५ साली गेली. तिच्याच प्रकरणात २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने इच्छामरणावर निकाल दिला, आणि २०१८ साली सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला. ते सर्व महत्त्वाचे आहे, पण माझा मुद्दा तो नव्हे. मी मरणाविषयी बोलतच नाही. जगण्यासाठी झगडणाऱ्या माणसाला, तो झगडत असताना, दुखू नये एवढेच म्हणतो आहे.

आणि आता 'भोगा'विषयी. श्रद्धाळू वाचकांनी रागावू नये, मीही रोज पालखीला जाणारा मुलगा आहे. आमच्या गावात घरोघर गुरुचरित्राचे सप्ताह होतात. त्याच गुरुचरित्राच्या तेराव्या अध्यायात पोटशूळाने हैराण झालेल्या एका ब्राह्मणाची कथा आहे. अन्न खाल्ले की असह्य वेदना, म्हणून महिना-पंधरा दिवसांतून एकदाच जेवणारा हा माणूस शेवटी गोदावरीत जीव द्यायला निघतो. श्रीगुरूंनी शिष्यांना पाठवून त्याला परत बोलावले. आत्महत्या हे महापाप आहे असे त्याला बजावले, हे खरे. पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. "तुझा भोग आहे, जा भोग" असे म्हणून त्याला वाटेला लावले नाही. त्याची व्याधी घालवायची जबाबदारी घेतली आणि सायंदेवाच्या घरी त्याला पोटभर जेवू घातले. सायंदेव घाबरला, कारण जेवला तर हा मरेल असे त्याला वाटले. श्रीगुरू म्हणाले ते असे की हे अन्नच याचे औषध. दर सप्ताहात हा अध्याय आम्ही वाचतो आणि पोथी बांधून ठेवली की पुन्हा म्हणतो, भोग भोगूनच संपवायचा! आजीनेसुद्धा मला तेव्हा सांगितले, "त्या डॉक्टरांना सारखं विचारू नकोस, त्रास थोडा सोसायलाच लागतो." सोसायचे कुणी, हे तिने सांगितले नाही.

सहाव्या दिवशी एक वयस्क बाई आल्या, बाहेरगावच्या भूलतज्ज्ञ. सिस्टर नळीतला कफ ओढत असताना त्या यंत्राकडे न पाहता आजोबांच्या कपाळाकडे पाहत उभ्या राहिल्या. काही न बोलता केसपेपरवर लिहिले. त्या संध्याकाळी पंपात दुसरी सिरिंज आली, फेंटानिलची, आणि पहिलीचा वेग कमी झाला. दुसऱ्या दिवशी मी आत गेलो तेव्हा आजोबांचे डोळे अर्धे उघडे होते. मी हात हातात दिला, त्यांनी तो दाबला. मामा कूस बदलायला आले. आधी त्यांनी आजोबांना सांगितले, "आजोबा, वळवतोय हां." आठ्या आल्या, पण एकच आणि लगेच गेली. त्यानंतर पाच दिवसांनी नळी निघाली. याचे श्रेय एका औषधाला देणे अडाणीपणाचे होईल. अँटिबायोटिक्सही त्याच सुमारास लागू पडली होती.

बाहेर जाताना त्या बाईंना मी जिन्यात गाठले आणि तोच प्रश्न विचारला. त्यांनी मी काय शिकतो ते विचारले नाही. म्हणाल्या, "रोज तीन गोष्टी विचारत जा. दुखण्यासाठी काय दिलंय? झोप किती खोल ठेवली आहे आणि का? आणि आज ती कमी करून बघणार का? चिडले तरी विचारा." मी हे इथे मुद्दाम लिहितो आहे. २०२०-२१ च्या कोरोनात आपल्या जिल्ह्यातल्या कितीतरी घरांनी व्हेंटिलेटर हा शब्द पहिल्यांदा ऐकला आणि त्या वेळी तर काचेबाहेरूनसुद्धा पाहायची सोय नव्हती. पुढच्या वेळी आपण बाकावर असू तेव्हा हे तीन प्रश्न तरी खिशात असावेत. दवाखान्यांनीही संमतीचा कागद मराठीत छापावा आणि त्यावर 'झोप' व 'वेदना' यांना दोन वेगळ्या ओळी द्याव्यात. एवढ्याला कुठल्या मंत्रालयाची परवानगी लागत नसावी.

आजोबा घरी आले तेव्हा आश्विन लागला होता. त्यांना सुईची, नळीची, कूस बदलल्याची एकही आठवण नाही. आठवते ते भलतेच. ते पहिल्या पाच दिवसांतले की नंतरचे, सांगता येत नाही. गाढ गुंगीतून असा भ्रम होतो, आणि मिडॅझोलॅमसारख्या औषधांनी तो वाढू शकतो, असे मी नंतर वाचले. त्यांना वाटत होते की दक्षिणद्वार झाले आहे. वाडीबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो : पुराचे पाणी उत्तरेकडून देवळात शिरते, पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दाराने बाहेर पडते, त्याला दक्षिणद्वार सोहळा म्हणतात. लोक त्या पाण्यात स्नानाला धावतात. आमच्यासाठी ती आनंदाची गोष्ट. पण आजोबांच्या दक्षिणद्वारात माणसे नव्हती. पाणी कॉटपर्यंत चढले होते, उत्सवमूर्ती वर हलवायची राहिली होती आणि त्यांचे हात बांधलेले होते. तोंडात पाणी गेल्यामुळे त्यांना हाक मारता येत नव्हती. रात्रभर, ते म्हणतात, रोज रात्रभर. ज्या माणसाने तरुणपणी कृष्णेला भर पावसात कुरुंदवाडापर्यंत हात मारले, २०१९ च्या महापुरात दुकान बुडत असताना शेवटचा डबा माळ्यावर टाकून मग जो बाहेर पडला, तो माणूस मागच्या श्रावणात दक्षिणद्वार झाल्याचा भोंगा ऐकून घरात आत जाऊन बसला.

आता ते पुन्हा दुकानात बसतात. गिऱ्हाइके येतात, दुखणी सांगतात, आजोबा ऐकतात. 'भोग आहे' हे वाक्य मी तेव्हापासून त्यांच्या तोंडून ऐकलेले नाही, पण त्यांनी ते मुद्दाम सोडले की आता फारसे बोलतच नाहीत, हे मला माहीत नाही. मनगटावर घड्याळ मात्र बांधत नाहीत. ते गल्ल्यात ठेवलेले असते. कुणी वेळ विचारली की गल्ला उघडून सांगतात.